सर्वश्रेष्ठ हेवीवेट: अली, जो लुईस की आणखी कुणी?

डावा_हुक
मुष्टियुद्धाच्या हेवीवेट म्हणजे सर्वांत जड वजनगटातला आजवरचा सर्वश्रेष्ठ कोण, असं विचारलं की मुहम्मद अलीचं नाव येतं आणि तिथंच चर्चा संपते. आकडे मात्र वेगळं बोलतात. जो लुईस जून १९३७ पासून मार्च १९४९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ १२ वर्षं सलग जगज्जेता होता. त्यानं २५ वेळा विजेतेपद राखलं. रॉकी मार्सियानो ४९ लढला, ४९ जिंकला. अली पाच वेळा हरला. मग अली पहिला कोणत्या निकषावर? आणि आजच्या काळातल्या ओलेक्सांद्र उसिकला आता कुठं बसवायचं? नुसती नावं नकोत, कोणत्या लढतीवरून ठरवता तेही लिहा.

कोपऱ्यातला
आधी मार्सियानोचं शून्य बाजूला करू, कारण त्यावरच सगळे अडतात. हरवलं कोणाला ते बघा. १९५१ चा जो लुईस ३७ वर्षांचा, निवृत्तीतून परतलेला. १९५२ चा वॉलकॉट ३८ चा, आणि तोही पहिल्याच फेरीत मार्सियानोला पाडून बसला होता. एझर्ड चार्ल्स आणि आर्ची मूर यांचा खरा वर्ग त्याहून हलका, लाइट हेवीवेट. जगज्जेतेपद फक्त सहा वेळा राखलं आणि १९५६ मध्ये निवृत्ती घेतली. शिवाय वजन १८५ पौंडांच्या आसपास. आजच्या नियमात २०० पौंडांपर्यंत क्रूझरवेट, म्हणजे हेवीवेटच्या खालचा गट. माणूस चिवट होता, उजवा हात भयानक होता, पण ४९-० हा आकडा कौतुकाचा आहे, पुराव्याचा नाही.

आता अलीचे पाच पराभव. फ्रेझर, नॉर्टन, लिऑन स्पिंक्स: तिघांनाही त्यानं परतफेड केली. उरले होम्स (१९८०) आणि बर्बिक (१९८१). तेव्हा वय अनुक्रमे ३८ आणि ३९. त्यासमोर जमेच्या बाजूला लिस्टन दोनदा, पॅटरसन, क्वारी, बोनाव्हेना, फ्रेझर दोनदा, नॉर्टन दोनदा, लाइल, शेव्हर्स, आणि ४०-० असलेला फोरमन. एवढी जड यादी कोणत्याच दुसऱ्या हेवीवेटकडे नाही. माझा निकष हाच: कोणाला, कोणत्या वयात आणि कोणत्या अवस्थेत हरवलं.

पंधरावी_फेरी
यादी जड आहे, मान्य. पण तंत्र म्हणून बघितलं तर जो लुईस वरचढ आहे. त्याचा ठोसा फार आखूड अंतरातून निघायचा. पाय आधी जागेवर, मग डावा-उजवा-डावा, आणि प्रत्येक ठोशानंतर तोल तसाच. अलीचं तंत्र म्हणजे चुका वेगानं झाकणं. हात खाली, डोकं बाजूला न नेता सरळ मागं ओढायचं, पोटावर ठोसे जवळजवळ नाहीतच. विशीतल्या पायांवर हे खपलं. तरीही १९६३ मध्ये वेम्बलीला हेन्री कूपरच्या डाव्या हुकनं (बाजूनं वळवून मारलेल्या ठोशानं) तो खाली बसलाच, आणि ८ मार्च १९७१ ला फ्रेझरनं पंधराव्या फेरीत त्याच ठोशानं आडवा केला. आठ वर्षांत भगदाड बुजलं नव्हतं.

उलट जोचं बघा. जून १९३६ मध्ये श्मेलिंगनं त्याला बाराव्या फेरीत बाद केलं. कारण नेमकं होतं: जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) मारून झाल्यावर जोचा डावा हात खाली पडत होता, आणि त्यावरून श्मेलिंग उजवा टाकत होता. प्रशिक्षक जॅक ब्लॅकबर्ननं यावर काम करून घेतलं. २२ जून १९३८ ला दुसरी लढत १२४ सेकंदांत संपली.

नॉर्टनबद्दलही जरा जपून बोला. फ्रेझरचा आणि नॉर्टनचा प्रशिक्षक एकच, एडी फच. त्यानं नॉर्टनला सांगितलं की अली जॅब मारेल त्याच क्षणी तूही मार, उजवा हात त्याचा जॅब अडवायला तोंडासमोर ठेव. अली याला उत्तर शोधू शकला नाही. १९७३ च्या पहिल्या लढतीत जबडा मोडला. १९७६ ची तिसरी लढत पंचांनी फेऱ्यांच्या हिशेबात ८-७, ८-७, ८-६-१ (एक फेरी बरोबरीत) अशी अलीला दिली, ती आजही अनेकांना पटत नाही.

डावा_हुक
मग वयाच्या चोविशी-पंचविशीतला, सैन्यात जायला नकार दिल्यामुळे आलेल्या बंदीआधीचा अली? क्लीव्हलंड विल्यम्सविरुद्धची १९६६ ची लढत बघितली की वाटतं, याला कुणीच हात लावला नसता.

कोपऱ्यातला
नेमकी तीच लढत पुरावा म्हणून धरू नका. विल्यम्सला १९६४ मध्ये पोलिसाची गोळी लागली होती, एक मूत्रपिंड काढावं लागलं होतं. अलीचा वेग खरा, पण समोर अर्धा माणूस होता. त्याऐवजी मार्च १९६७ ची झोरा फॉलीविरुद्धची लढत बघा. फॉली मुरलेला आणि तंत्रशुद्ध. अली सुरुवातीला त्याला वाचतो, मग सातव्या फेरीत संपवतो. त्यानंतर साडेतीन वर्षं रिंगणच बंद. परतला तो वेगळा मुष्टियोद्धा होता, पाय गेले होते.

किन्शासाबद्दल, म्हणजे अलीच्या १९७४ च्या फोरमनविरुद्धच्या लढतीबद्दल, सगळे दोराला टेकण्याचंच बोलतात. पहिली फेरी नीट बघा. अली जॅबशिवाय थेट उजवा टाकतोय. उजव्या हाताला जास्त अंतर कापावं लागतं, त्यामुळे दर्जेदार प्रतिस्पर्ध्यावर असा ठोसा सहसा कुणी टाकत नाही. फोरमन भडकला आणि हवेत, दंडांवर, कोपरांवर ठोसे घालत दमला. त्याच्या बहुतेक लढती दोन-तीन फेऱ्यांत संपलेल्या, आठव्या फेरीची सवयच नव्हती.

आणि जोनं २५ वेळा विजेतेपद राखलं त्यातला भुसाही काढा की. डिसेंबर १९४० ते जून १९४१ या सात महिन्यांत सात लढती. त्यात बिली कॉन सोडला तर लक्षात ठेवावं असं कोण?

साउथपॉ
कॉनचा विषय निघालाच आहे तर फेऱ्यांचं गणित घ्या, ते कुणी धरतच नाही. तेव्हा १५ फेऱ्या, आता १२. कॉन अधिकृत वजनात २५ पौंडांनी हलका होता, तरी बाराव्या फेरीअखेर दोन पंचांकडे पुढे होता, तिसऱ्याकडे बरोबरी. आजचा नियम असता तर जो तिथंच हरला असता. तेराव्या फेरीत, दोन सेकंद शिल्लक असताना, त्यानं कॉनला बाद केलं. मार्सियानो-वॉलकॉटचंही तेच: बारा फेऱ्यांनंतर वॉलकॉट पंचांच्या तिन्ही कागदांवर पुढे, तेराव्यात एक उजवा आणि खेळ खलास. याचा अर्थ जो लुईस कमी ठरतो असं नाही. शेवटच्या तीन फेऱ्यांसाठी दम राखून ठेवणं हे त्या काळात कौशल्याचाच भाग होतं. पण जुन्या-नव्यांची थेट टक्कर कल्पताना किती फेऱ्या ते आधी ठरवा.

थेट टक्कर हाच निकष असेल तर मी लेनॉक्स लुईसला वर ठेवीन. उंची ६ फूट ५ इंच, हातांचा पल्ला ८४ इंच, वजन २४५ च्या घरात. जोचा पल्ला ७६. आठ इंचांचा फरक म्हणजे जो जॅबच्या टप्प्यात यायच्या आधीच लेनॉक्सचा जॅब पोचलेला. हरला तो मॅकॉल आणि रहमानकडून, दोघांनाही नंतर हरवलं. रहमानविरुद्ध २००१ मध्ये समुद्रसपाटीपासून उंचावरच्या जोहान्सबर्गजवळ लढत होती. लेनॉक्स उशिरा पोचला, वजन २५३, आणि पाचव्या फेरीत दोराकडे सरकताना हात खाली. प्रतिभेचा नाही, तयारीचा पराभव.

आकारच सगळं ठरवतो असंही नाही. उसिकनं मे २०२४ मध्ये २२३ पौंडांवर २६२ च्या टायसन फ्युरीला हरवलं. डावखुरा असल्यानं त्याचा पुढचा पाय प्रतिस्पर्ध्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर असतो, तिथून डावा सरळ आत जातो. नवव्या फेरीत दोरांनी फ्युरीला उभं ठेवलं. पण हेवीवेटमधल्या लढती अजून मोजक्याच, म्हणून तो माझ्या पहिल्या पाचात नाही.

माइक टायसनबद्दल एकच ओळ: खाली पडल्यावर उठून तो एकही लढत जिंकला नाही. जो लुईस उठून जिंकला (ब्रॅडॉक, गॅलेंटोविरुद्ध), अलीही (कूपरविरुद्ध). टोकियोत १९९० मध्ये टायसनचा डोळा सुजला तेव्हा त्याच्या कोपऱ्यात सूज दाबायचं थंड लोखंडसुद्धा नव्हतं, रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून काम भागवत होते.

कोपऱ्यातला
फेऱ्यांचा मुद्दा बिनतोड. माझा क्रम: अली, जो, होम्स, लेनॉक्स, फोरमन. होम्सला लोक विसरतात. २० वेळा विजेतेपद राखलं, जॅब या वर्गातला सर्वोत्तम, आणि १९७८ ला नॉर्टनविरुद्ध चौदा फेऱ्यांनंतर बरोबरी असताना पंधरावी खेचून आणली.

पंधरावी_फेरी
जो, अली, मग तुमचे बाकीचे. पण होम्स तिसरा कसा? १९८३ मध्ये विदरस्पूननं त्याला पुरतं हलवलं होतं, पंचांचं एकमत न होता निकाल विभागून लागला आणि पुन्हा लढत दिलीच नाही. पिंकलन थॉमसशी कधी लढला नाही, ग्रेग पेजशी नाही. ‘कोणाला हरवलं’ हा तुमचाच निकष ना?