ओळखीतल्या स्कॉटिश माणसांच्या बोटीच्या आठवणी

माझे सासरे ग्लासगोचे. 1951 साली नऊ वर्षांचे असताना आईवडील आणि दोन बहिणींबरोबर बोटीने मेलबर्नला आले. ऑस्ट्रेलिया सरकारची योजनाच होती: मोठ्या माणसाला दहा पौंड, लहान मुलं फुकट. मात्र दोन वर्षं राहायचं, नाहीतर प्रवासाचा सगळा खर्च भरून द्यायचा. परदेशातल्या आपल्या मंडळींच्या सासरी, शेजारी, कामावर अशी माणसं असणारच. त्यांनी लहानपणचं जे सांगितलं ते लिहा. सुरुवात मी करते.

बोट 'स्ट्रॅथमोर'. ग्लासगोहून रात्रीची गाडी, मग लंडनजवळच्या टिलबरीचा धक्का. बायका-मुली एका केबिनमध्ये, पुरुष दुसऱ्या. त्यामुळे सासरे वडिलांबरोबर चार परक्या घोरणाऱ्या माणसांत. बिस्केच्या उपसागरात आईला बोट लागली ती पोर्ट सैदपर्यंत. ह्यांना त्याचं काही नाही, कारण जेवणाच्या टेबलावर लोणी होतं, हवं तेवढं! घरी तेव्हा लोणी, साखर, मटण, चॉकलेट सगळं रेशनवर. ते रोज लोणी लावलेला पाव खिशात भरून आणत आणि उशीखाली ठेवत. एडन येईपर्यंत केबिनमध्ये वास सुटला आणि चोरी पकडली गेली.

बोट एक दिवस मुंबईला थांबली होती. म्हणून पहिल्याच भेटीत व्याह्यांनी माझ्या बाबांना सांगितलं, "तुमची मुंबई मी बघितली आहे." बाबा गिरगावातले, खूश झाले. गेटवे पाहिलं का, चौपाटी पाहिली का, विचारत बसले. सासऱ्यांना आठवत होते फक्त कावळे. आईने खाली उतरून काहीही खायचं नाही असं बजावलं होतं, आणि धक्क्यावर एका कावळ्याने तिच्याच हातातलं बिस्किट पळवलं.

वेलिंग्टनहून

मी वृद्धाश्रमात काम करते. तिथल्या एक आजी 1950च्या दशकात 'कॅप्टन कुक'ने आल्या. ही बोट न्यूझीलंड सरकारने याच कामाला ठेवली होती: ग्लासगो, पनामा कालवा, वेलिंग्टन. आजींच्या आठवणीत कालव्यातल्या पाण्याच्या पायऱ्या आहेत आणि विषुववृत्त ओलांडताना गंमत म्हणून समुद्रदेव नेपच्यून झालेला दाढीवाला खलाशी. वेलिंग्टनला टेकड्यांवरची लाकडी घरं आणि पत्र्याची छपरं बघून त्यांच्या आईने विचारलं होतं, "ह्या शेडांच्या मागे गाव आहे का?" त्यांच्या ग्लासगोत दगडी चाळवजा इमारती, पत्रा फक्त कोळशाच्या खोपटावर.

ॲडलेड

सगळेच काही रमले नाहीत, तेही लिहितो. माझा शेजारी ग्लासगोजवळच्या क्लाइडबँकचा. आल्यावर आधी हॉस्टेल: अर्धं पिंप आडवं ठेवावं तशा पत्र्याच्या निसेन झोपड्या, उन्हाळ्यात आत भट्टी, आणि ताटात रोज मेंढीचं मटण. त्याची आई भिंतीवर काही लिहीत नव्हती, पण दोन वर्षांत किती दिवस उरलेत हे तिला विचारलं की तोंडपाठ. दोन वर्षं भरल्यावर सगळे परत गेले. क्लाइडबँकला पाऊस, वडिलांना काम नाही, आणि मुलांना तिथली पोरं 'ऑस्ट्रेलियन' म्हणून चिडवायची. पुन्हा इकडे. ह्या वेळी तिकीट पदरचं. आमच्या मराठी गटात 'परत जायचं का' हा विषय दर महिन्याला निघतो, तेव्हा मला ती बाई आठवते.

ओंटारिओ

उशिरा लिहितोय. माझ्या सहकाऱ्याची आजी स्कॉटलंडच्या लुइस बेटावरची, बोली गेलिक. 21 एप्रिल 1923 ला तिथल्या स्टॉर्नोवे बंदरातून 'मेटागामा' बोट सुमारे तीनशे माणसं घेऊन कॅनडाला निघाली, बहुतेक विशीतली पोरं. त्यात तिचा भाऊ. चारच वर्षांपूर्वी, 1919च्या एक जानेवारीला पहाटे, 'आयोलेअर' बोट ह्याच बंदराच्या तोंडाशी फुटली होती आणि युद्धावरून घरी येणारी दोनशेवर माणसं बुडाली होती. त्यामुळे धक्क्यावर मोठी माणसं स्तोत्रं म्हणायला लागली तशी सहा वर्षांच्या आजीने आईचा पदर, म्हणजे शाल, ओढून विचारलं, "कोण गेलं?" आईने उत्तर दिलं नाही. भाऊ तेव्हा कठड्याला टेकून सफरचंद खात होता.