उत्तर : विमानावर लेसर मारला तर आपल्याकडं काय होतं?

भावा, अमेरिकेत जेल होते पण आपल्याकडं कोण विचारतंय असं जे म्हणालास ते चुकीचं आहे. अमेरिकेत 5 वर्षांपर्यंत आणि ब्रिटनमध्ये 2018 च्या कायद्यानं तेवढीच शिक्षा आहे हे खरं, पण आपल्याकडंही दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम 125 लागू शकतं, नुसत्या धोक्याला 3 महिने आणि कुणाला गंभीर दुखापत झाली तर 3 वर्षांपर्यंत कैद. शिवाय विमानतळाच्या आसपास लेसरला बंदीचा आदेश काढलेला असेल तर तो मोडल्याचा गुन्हा वेगळा, कलम 223.

आणि ह्यात गंमत कसली रे? खालून बोटाएवढा दिसणारा हिरवा किरण वर जाईपर्यंत पसरतो, कॉकपिटच्या काचेवर पडला की बारीक ओरखड्यांमुळं अख्खी काच हिरवी पेटल्यागत होते आणि पायलटला समोरचं काही दिसत नाही, तेही नेमकं लँडिंगला, धावपट्टी शोधायच्या वेळी. माणसाच्या डोळ्याला हिरवा सगळ्यात जास्त टोचतो, लाल एवढा नाही.

आपल्या कोल्हापूर विमानतळाजवळ, उजळाईवाडी, गोकुळ शिरगावकडं विमान किती खालून जातं ते आपण सगळे बघतोच. मला खरी काळजी गणपतीची वाटते, मिरवणुकीतले लेसर जत्रेत मिळणाऱ्या लेसर पॉइंटरपेक्षा कितीतरी पॉवरफुल असतात, त्यानं रस्त्यावरच्या पोरांचे डोळे जातात ते वेगळंच. मंडळात कुणी वर तोंड करून लावत असेल तर तिथंच बंद करायला लावा, ऐकत नसेल तर सरळ 112 ला फोन करा.