डेस्कवर बुक करा, पण एजंट सोडू नका

क्रूझवर असतानाच पुढची क्रूझ बुक करायला जहाजावर एक डेस्क असतं. ‘त्या डेस्कला भुलू नका, घरी येऊन शांतपणे बुक करा’ असा सल्ला दिला जातो, तो मला अर्धाच पटला. तिथलं कमी डिपॉझिट आणि ऑनबोर्ड क्रेडिट (जहाजावर खर्चायला खात्यात मिळणारी रक्कम) घरी आल्यावर सहसा मिळत नाही. आणि तिथे बुक केलं म्हणजे एजंट सुटला असंही नाही. बऱ्याच कंपन्या ते बुकिंग ठरावीक मुदतीत (कुठे ३० दिवस, कुठे ६०) आपल्या एजंटकडे वळवू देतात, फक्त पूर्ण पैसे भरलेले नसावेत. आम्ही सिंगापूरच्या क्रूझवर हेच केलं. पुण्यात उतरल्यावर चौथ्या दिवशी कर्वे रोडवरच्या आमच्या एजंटला कागद नेऊन दिला. गडी खूश! आपल्या कमिशनमधून वर ५० डॉलरचं क्रेडिट त्यानेही टाकलं. जहाजावरचं होतंच.

डेस्कवर शेवटच्या संध्याकाळी मात्र जाऊ नका, ही मोठी रांग असते. आणि डिपॉझिट डॉलरमध्ये कापलं जातं, त्यावर आमच्या कार्डाने साडेतीन टक्के मार्कअप (परकीय चलनाचं जादा शुल्क) आणि वर जीएसटी लावला. क्रेडिटही बहुतेकदा रोख परत मिळत नाही. उरलेल्या अठरा डॉलरचे आमच्या हिने फ्रिजवर लावायचे मॅग्नेट घेतले.