मस्टरवर सही, रजेला अर्ज, गैरहजेरीला कपात, तरी आई 'स्वयंसेविका'च?

तासगावची_लेक
माझी आई मिरजेतल्या एका सेवाभावी संस्थेत सहा-सात वर्षं 'आरोग्य स्वयंसेविका' आहे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, रक्तदाब बघायचा, गोळ्यांची नोंद ठेवायची, जखमेची पट्टी बदलायची. सकाळी नऊला मस्टरवर सही, पाचला सुट्टी. महिन्याला सात हजार मानधन बँकेत जमा होतं. खाडा झाला की कापतात. गेल्या महिन्यात मालगावला एका आजींकडे जाताना गाडी घसरली आणि उजवा हात मोडला. संस्था म्हणते, "तुम्ही कर्मचारी नाही, सेवा म्हणून येता. दवाखान्याचा खर्च आमच्यावर येत नाही." मानधनही थांबलंय. आईला संस्थेबद्दल माया आहे, तिला भांडायचं नाही. कायद्यानं तिला काही मिळतं का?

कामगार_वकील_सांगली
ताई, आधी कागद सांभाळा. एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, बिलं आणि त्या दिवशी कुणाच्या घरी जायचं हे सांगणारा व्हॉट्सअॅप मेसेज, सगळं. आईंना काय मिळेल ते यावरच ठरणार आहे.

संस्था काय म्हणते याला कोर्टात फार किंमत नसते. कोर्ट विचारतं, कामाची वेळ कोण ठरवतं, आज कुठं जायचं हे कोण सांगतं, गैरहजर राहिलं तर काय होतं. मनापासून सेवा करणारा माणूस "आज जमणार नाही" म्हणतो आणि विषय संपतो. तुमच्या आईंचे पैसे कापले जातात. माझ्या मते त्या कर्मचारीच आहेत, आणि मस्टर हा त्यांचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. त्याच्या पानांचे फोटो आजच काढून ठेवा.

संस्थेचा वकील बहुधा १९७८ चा बंगळूर पाणीपुरवठा मंडळाचा निकाल पुढे करेल. लोक ध्येयापोटी फुकट किंवा थोड्या मानधनावर राबतात अशा संस्थेला औद्योगिक विवाद कायद्यासाठी 'उद्योग' धरायचं नाही, असं सुप्रीम कोर्ट त्यात म्हणालं होतं. पण ती सूट खऱ्या निःस्वार्थ कामासाठी आहे. धर्मादाय संस्था म्हटलं की आपोआप सुटका, असं त्याच निकालात मान्य केलेलं नाही.

दुसऱ्या बाजूला २५ एप्रिल २०२२ चा निकाल आहे. गुजरातमधल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटी, म्हणजे काम सोडताना मिळणारी रक्कम, नाकारली होती, कारण तेच, त्यांना पगार नाही, मानधन मिळतं. सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ते मानधन ग्रॅच्युइटी कायद्याच्या हिशेबात वेतनच आहे. तो निकाल सरकारी योजनेतला, तुमची संस्था खासगी, त्यामुळे जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणणार नाही. पण 'मानधन' या शब्दामागे लपता येत नाही, हे त्यातून पक्कं झालं. तो वाचला तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. माझ्याकडे येणाऱ्या किती बायकांचं उत्तर त्यात होतं.

आता पैशाचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता आल्या आहेत. पूर्वी किमान वेतन ठरावीक धंद्यांनाच लागू होतं, आता वेतनसंहितेखाली ते सगळ्याच कर्मचाऱ्यांना आहे. दिवसभराच्या कामाला सात हजार पडताळून बघावेच लागतील. संस्थेत दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, चौकशी करा. महिना २१,००० पर्यंत वेतन असलेले त्यात येतात, आणि कामावर असताना झालेल्या अपघातात उपचारही मिळतात, बुडालेल्या दिवसांचे पैसेही. पाच वर्षं झालेली असल्यानं काम सोडताना ग्रॅच्युइटीही मागता येईल, वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन.

सुरुवात सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात साध्या अर्जानं करा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्यानं महिलांना मोफत मदतीचा हक्क आहे, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

पलूसचा_नावाडी
साहेब, मग आमचं काय? २०१९ च्या पुरात आम्ही बोटी घेऊन गेलो. मस्टर नाही, मानधन नाही. ब्रह्मनाळला बोट उलटली तेव्हा आम्हाला कळलं पाणी काय करतं. आम्ही तर खरेच स्वयंसेवक.

कामगार_वकील_सांगली
दादा, हा प्रश्न मला जास्त छळतो. आईंना निदान एक दरवाजा आहे. खऱ्या स्वयंसेवकाला किमान वेतन नाही, ग्रॅच्युइटी नाही, ईएसआय नाही. पण तो अगदी उघड्यावर नाही. बोलावणाऱ्यानं निष्काळजीपणा केला, लाइफ जॅकेट न देता पुरात उतरवलं, तर नुकसानभरपाईचा दिवाणी दावा करता येतो. महिला स्वयंसेवकांसाठी २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा आहे. त्यातल्या 'कर्मचारी'च्या व्याख्येत विनामोबदला आणि स्वेच्छेनं काम करणाऱ्या धरून आहेत. तक्रार तीन महिन्यांत करायची. संस्थेत दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे.

बाकी पावसाळ्याआधी तुम्हाला बोलावणाऱ्या मंडळाकडून सामूहिक अपघात विमा लिहून घ्या, नावांच्या यादीसकट. सांगलीच्या आयर्विन पुलाखाली पाणी चढायला लागल्यावर कुणी फॉर्म भरत बसत नाही.

तासगावची_लेक
खूप आभार. एक राहिलं. आईनं सुरुवातीलाच एका कागदावर सही केलीये, "मी स्वेच्छेने सेवा देत असून माझा कोणताही हक्क नाही." मग सगळं संपलं ना?

कामगार_वकील_सांगली
नाही. किमान वेतनाचा हक्क सही करून सोडता येत नाही, तसा करार कायद्यानं रद्दबातल असतो. उलट त्या कागदाची प्रत मागून घ्या. त्यावरच्या तारखेवरून आई केव्हापासून कामावर आहेत ते दाखवता येईल. आणि वेतनाच्या थकबाकीचा दावा तीन वर्षांच्या आत करावा लागतो, त्यामुळे हात बरा होईपर्यंत थांबू नका.