प्रतिसाद: बाईच बाईची वैरी?

वर कुणीतरी लिहिलंय की विधवेच्या बांगड्या फोडायला बायकाच पुढं असतात, म्हणजे स्त्रीद्वेषाचं मूळ बायकांतच आहे. फोडणारे हात बायकांचे असतात हे खरंच, आमच्या भावकीतही मी तेच पाहिलंय. पण बांगड्या फोडणारी म्हातारी ते न करेल तर भावकी तिला काय म्हणेल, हेही बघा की! हात तिचा, धाक भावकीचा. आणि भावकीत शब्द कुणाचा चालतो? ज्याचं नाव सातबाऱ्यावर असतं त्याचा. भांगलणीपासून धारा काढण्यापर्यंत कामं बायकांची, उतारा मात्र बाप्याच्या नावावर.

एक गोष्ट इथं कुणी काढली नाही. मे 2022 मध्ये आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसंच करायला सांगणारं परिपत्रक काढलं. वैर बायकांच्या स्वभावातच असतं, तर ठरावाला अर्थच नव्हता. शाहू महाराजांनी तर 1919 सालीच कोल्हापूर संस्थानात बायकांच्या छळाविरुद्ध कायदा केला होता. ठरावानं सगळं सुटतं असं नाही, पण नको म्हणणाऱ्या बाईला बोट दाखवायला कागद तरी मिळतो.