बी विंग – फक्त कामाचं बोला

कल्पना वहिनी (३०२): १ मेच्या जेवणात कोल्ड्रिंक कुणी आणलं होतं? शेवभाजी झकास, पण ते नुसतं साखरेचं पाणी. माझ्या पुण्याच्या भाच्यांनी ग्लास बेसिनमध्ये ओतले. तिकडे हेच पितात, घशाला झणका बसतो म्हणे. डुप्लिकेट असेल तर सांगून टाका.

खजिनदार अण्णा: वहिनी, बिल टाकलंय ग्रुपवर. सगळ्या सीलबंद होत्या. 🙏

भागवत काका: पाणी बदललं की चव बदलते. पुण्याचं पाणी वेगळं, जळगावचं वेगळं.

पंकज (१०४): काका, अर्क कंपनीचा येतो. पाणी, साखर, गॅस बॉटलिंगवाले घालतात. पण पाणी आधी शुद्ध करून ठरलेल्या मापात आणतात. नळाचं तसंच नाही भरत.

जितू भाऊ: आपल्या टाकीचं भरलं असतं तर तळाला गाळ दिसला असता 😂

सेक्रेटरी: टाकी धुतली आहे. फोटो टाकले होते, कुणी बघत नाही. विषयावर या.

भागवत काका: पाणी बदललं की चव बदलते.

पंकज: अण्णा, बाटल्या ठेवल्या कुठे होत्या?

खजिनदार अण्णा: गच्चीवर, जिन्याच्या पत्र्याखाली. स्कीम होती म्हणून आठवडाभर आधीच आणल्या. सोसायटीचेच पैसे वाचवले.

जितू भाऊ: पत्र्याखाली! या उन्हात! भो, तिथे पापड भाजून निघतो.

पंकज: तिथेच घोळ झाला. प्लॅस्टिकमधून गॅस झाकण न उघडताही हळूहळू जातो, उन्हात जास्तच. छोटी बाटली मोठीच्या आधी मरते. काचेतून जात नाही. गॅस गेला की झणका गेला, उरतो गोडवा. त्यात कोमट, म्हणजे आणखी गोड.

खजिनदार अण्णा: बरं. पुढच्या वेळी वहिनींच्या फ्रिजमध्ये ठेवू सगळ्या.

बापू आजोबा (४०१): १९७७ ला कोका-कोला देशातून गेली, तेव्हाच थम्सअप आलं. १९९३ ला ती परत आली आणि थम्सअपही तिनेच घेतलं. पण एसटी स्टँडवर काचेची बाटली फट्‌दिशी उघडली की नाकात झिणझिण्या यायच्या, ती मजा आता नाही.

जितू भाऊ: बाबा, तेव्हा तुम्ही विशीत होता. तेव्हा कारलंही गोड लागायचं.

बापू आजोबा: माले शिकाडू नको.

स्नेहल (अमेरिका): इथे कोका-कोलात १९८४ पासून साखरेऐवजी मक्याचं सिरप आहे, स्वस्त पडतं म्हणून. उसाच्या साखरेची हवी म्हणून बरेच जण मेक्सिकोची काचेची बाटली घेतात. १९८५ ला तर त्यांनी फॉर्म्युलाच बदलला. लोक इतके खवळले की तीन महिन्यांच्या आत जुना परत आणावा लागला.

कल्पना वहिनी: बघा! चव बदलते. मी उगीच बोलत नव्हते.

भागवत काका: पाणी बदललं की

पंकज: काका, तिथे साखर बदलली. पाणी नाही.

भागवत काका: मी नोकरीभर पाणीपुरवठ्यातच होतो. तू काल आलास.

२०१: पांढरी गाडी कुणाची? गेटसमोर आडवी आहे. तिसऱ्यांदा विचारतोय.

सेक्रेटरी: पुढच्या वेळी काचेचे क्रेट आणायचे का?

खजिनदार अण्णा: आणा. डिपॉझिट भरावं लागतं आणि रिकाम्या बाटल्या मोजून परत द्याव्या लागतात. कोण करणार, नाव द्या.

खजिनदार अण्णा: कुणी नाही ना? वाटलंच.

बापू आजोबा: माझं नाव लिहा. माझ्या दोन आधीच बाजूला काढा. शुगरचं सूनबाईला कळवू नका.

मनीषा (४०१): बाबा, मी या ग्रुपमध्ये आहे.