ठिकाण कळलं, तरी माणूस हाती लागायचा असतो

संकटात सापडलेल्या माणसांच्या सुटकेबद्दल कुणीतरी म्हटलंय, "सॅटेलाइट आले, आता शोध असा उरलाच नाही". हे म्हणणं भर समुद्रापुरतं बरंचसं पटतं. १९८२ साली कॉस्पास-सारसॅट या, संकटात सापडलेल्यांचं ठिकाण उपग्रहांवरून शोधणाऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेमुळे पहिली सुटका झाली. आता ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन, म्हणजे संकटाचा इशारा उपग्रहाला पाठवणारं छोटं यंत्र, बोट कुणाची तेही सांगतो. पण बीकन लावलेलाच नसेल तर? छोट्या होड्यांचं काय?

शिवाय ठिकाण कळलं म्हणजे माणूस वाचला असं नाही. २०१९च्या महापुरात आम्ही सांगलीत गावभागात माडीवर अडकलो होतो. फोनवरून लोकेशन गेलं, बोट आली. जवानाने आधी आजीच्या लाइफ जॅकेटचा पट्टा दोनदा ओढून पाहिला, मगच तिला खाली घेतलं. त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, सांगली जिल्ह्यातल्याच ब्रह्मनाळ गावात क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसलेली बोट उलटली. तिथे शोधायचं काहीच नव्हतं हो, माणसं डोळ्यांसमोर होती.